मे महिन्याचा आकडा सप्टेंबरशी ताडू नका

माननीय संपादक महोदय,

स.न.वि.वि.

आपल्या वाचकपत्रांत अलीकडेच एका गृहस्थांचं पत्र वाचलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: हवेतला कार्बन डायऑक्साइड दरवर्षी काही महिने वाढतो आणि काही महिने घटतो. हा चढउतार तापमानाच्या चालीने होतो. म्हणजे तापमान हे कारण आणि कार्बन डायऑक्साइड हा परिणाम, तेव्हा धुराड्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पत्राची भाषा सभ्य होती आणि त्यातले आकडे बहुतेक बरोबर होते. म्हणूनच उत्तर लिहायला बसले. आकडेच खोटे असतील तर कागद परत पाठवून मोकळं होता येतं. आकडे खरे आणि निष्कर्ष भलता असेल, तर मात्र वही उघडून ओळीओळीने बघावं लागतं.

मी शास्त्रज्ञ नाही. माझी सगळी नोकरी लेखापरीक्षणात गेली. निवृत्तीनंतर हातांना काहीतरी काम हवं म्हणून हवाई बेटांवरच्या मौना लोआ वेधशाळेचे मासिक आकडे एका जाड वहीत उतरवून घ्यायला लागले. पहिल्या रकान्यात चालू महिना, दुसऱ्यात गेल्या वर्षीचा तोच महिना, तिसऱ्यात फरक. अमेरिकेची नोआ ही सरकारी हवामान व समुद्र संस्था आणि स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्था या दोघी तिथे आपापल्या यंत्रांवर स्वतंत्र मोजणी करतात आणि आकडे सर्वांसाठी खुले ठेवतात. दोघींच्या आकड्यांत फरक पडतो तो दशांशातला. दोन वेगळ्या माणसांनी लिहिलेल्या वह्या इतक्या जुळल्या की तपासनिसाचा अर्धा जीव भांड्यात पडतो.

आता पत्रलेखकांचा मुद्दा. ऋतूनुसार होणारा चढउतार तापमानाशी बांधलेला आहे, हे त्यांचं निरीक्षण खरं आहे. तो कसा बांधलेला आहे, हे मात्र त्यांनी तपासलेलं नाही, आणि खरी मौज तिथेच आहे.

या नोंदी सुरू झाल्या मार्च १९५८ मध्ये. स्क्रिप्सचे शास्त्रज्ञ चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांच्या यंत्राने मौना लोआवर पहिला आकडा दिला तो ३१३ पीपीएमचा, म्हणजे कोरड्या हवेच्या दर दहा लाख रेणूंत ३१३ रेणू कार्बन डायऑक्साइडचे. ठिकाण मुद्दाम निवडलेलं. समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंच, भोवती थिजलेला लाव्हा, जवळपास ना झाडं ना कारखाने. अशा ठिकाणी आकडा स्थिर राहावा, निदान सावकाश सरकावा, ही साधी अपेक्षा. पण तो मे महिन्यापर्यंत चढला आणि मग उतरायला लागला. मधे वीज गेल्याने यंत्र बंद पडलं. पुन्हा सुरू झालं तेव्हा आकडा आणखी खाली गेलेला. पहिल्या वर्षीच्या या तुटक नोंदी बघून कुणालाही यंत्राचीच शंका आली असती. दुसऱ्या वर्षी तोच चढ आणि तोच उतार त्याच महिन्यांत आला, तेव्हा कळलं की यंत्र ठीक आहे आणि हवाच वर-खाली होते आहे.

कीलिंग यांना याची छोटी आवृत्ती आधी दिसलेली होती. १९५५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या जंगलात त्यांनी रात्रंदिवस हवेचे नमुने घेतले होते. रात्री झाडं आणि माती श्वसन करतात, कार्बन डायऑक्साइड साचतो. दुपारी पानं तो ओढून घेतात आणि आकडा ३१० च्या आसपास येऊन थांबतो. जंगल एका दिवसात जे करतं, तेच अख्खा उत्तर गोलार्ध एका वर्षात करतो.

हा वर्षाचा चढउतार झाडांमुळेच होतो कशावरून? यालाही पावती आहे. कार्बनची हलकी आणि किंचित जड अशी दोन टिकाऊ समस्थानिकं हवेत असतात. प्रकाशसंश्लेषणात झाडं हलका कार्बन जास्त पसंत करतात. त्यामुळे झाडांनी कार्बन डायऑक्साइड ओढला तर मागे उरलेल्या हवेत जड कार्बनचं प्रमाण थोडं वाढायला हवं. समुद्राने ओढला तर असा ठसा जवळपास उमटत नाही. कीलिंग यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधातच हे आहे: आकडा उतरतो तेव्हा जडाचं प्रमाण चढतं, आकडा चढतो तेव्हा ते उतरतं. म्हणजे माल कुणी उचलला त्याची सही व्हाउचरवर आहे.

आता तापमानाकडे वळते. पृथ्वीवरच्या जमिनीपैकी सुमारे दोन-तृतीयांश जमीन उत्तर गोलार्धात आहे. त्यातही समशीतोष्ण आणि उत्तर ध्रुवाकडच्या पट्ट्यात प्रचंड जंगलं, गवताळ प्रदेश आणि शेतं आहेत. हिवाळ्यात तिथली पानं गळालेली किंवा थिजलेली असतात आणि सूर्य तिरपा असतो. जमिनीतले जिवाणू आणि बुरशी मात्र पूर्ण थांबत नाहीत. बर्फाचा थर मातीला थोडा आडोसाच देतो, आणि त्याखाली पाचोळा मंद गतीने कुजत राहतो. ऑक्टोबरपासून पुढच्या मेपर्यंत जावक नाममात्र आणि आवक चालू, म्हणून शिल्लक वाढत जाते. मेमध्ये ती सर्वांत जास्त असते. मग पालवी जोरात येते, दिवस मोठे होतात, आणि सप्टेंबरअखेरपर्यंत आकडा ६ ते ७ पीपीएम खाली येतो. अलीकडच्या काही वर्षांत मे ते सप्टेंबर ही घसरण ५ च्या आसपासही राहिली आहे.

इथे एक प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. उष्णता वाढली की प्रकाशसंश्लेषण वाढतं हे कबूल. पण उष्णतेने श्वसन आणि कुजणंही वाढतं. ढोबळमानाने १० अंश तापमान वाढलं की मातीतलं श्वसन दुप्पट होतं. जमा आणि नावे अशा दोन्ही बाजू उन्हाळ्यात एकदमच फुगत असतील, तर शिल्लक हलायचं कारणच काय?

उत्तर वेळापत्रकात आहे. दोन्ही बाजू फुगतात, पण एकाच वेळी नाही. पानं प्रकाशावर आणि हवेच्या तापमानावर चालतात. प्रकाश २१ जूनच्या सुमाराला सर्वाधिक असतो. हवा सर्वांत गरम होते जुलैमध्ये, कुठे कुठे ऑगस्टमध्ये. आणि माती, तीही खोलवरची, त्याहून उशिरा तापते आणि उशिरा निवते. वसंतात पानं कामाला लागलेली असतात तेव्हा त्यांच्या खालची माती अजून गारठलेली असते, म्हणून शोषण श्वसनाच्या पुढे पळतं. शरद ऋतूत उलटं होतं. प्रकाश ओसरलेला, पानं पिवळी पडायला लागलेली, पण माती अजून उबदार आणि तिच्यावर ताजा पाचोळा पडलेला. तेव्हा श्वसन पुढे जातं. दोन्ही प्रवाह वर्षभराच्या बेरजेत जवळपास सारखेच भरतात. मौना लोआच्या आलेखातली लाट उठते ती दोघांच्या वेळांमधल्या अंतरामुळे.

ठिकाण बदललं की लाटेची उंचीही बदलते. अलास्काच्या उत्तर टोकावर पूर्वी बॅरो नावाने ओळखलं जाणारं उट्कियाग्विक हे गाव आहे. तिथे ही लाट १५ पीपीएमहून उंच असते आणि तळ ऑगस्टमध्येच येतो, कारण जंगलं आणि टुंड्रा, म्हणजे उत्तरेकडचे झाडं नसलेले थंड माळ, जवळ आहेत. हवाईला तीच हवा मिसळत, पातळ होत पोचते, म्हणून तळ उशिरा आणि लाट अर्ध्याहून कमी. दक्षिण ध्रुवावर जेमतेम १ पीपीएमच्या आसपास, तीही बरीचशी उलट्या क्रमाने. दक्षिणेकडे जमीन कमी, समुद्र जास्त. हवाईत स्वतःला हिवाळा असा नाहीच. तिथल्या यंत्राला हजारो किलोमीटर दूरच्या जंगलांचा हिवाळा ऐकू येतो, याचं मला अजूनही नवल वाटतं.

उष्ण कटिबंधात ऋतूंचा हा हिशेब बहुतांशी तापमानावर नसून पाण्यावर चालतो. तिथे झाडांना थंडी अडवत नाही, कोरडेपणा अडवतो. तो वेगळा विषय आहे, पण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

पत्रलेखकांचा भर समुद्रावर होता. पाणी तापलं की त्यात विरघळलेला वायू बाहेर पडतो, म्हणून उन्हाळ्यात कार्बन डायऑक्साइड वाढतो, असं त्यांनी लिहिलं आहे. पहिल्या अर्ध्या वाक्याशी माझं भांडण नाही. समुद्राचं पाणी १ अंशाने तापलं की त्यातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब सुमारे ४ टक्के वाढतो, हे मोजलेलं आहे. पण मग उत्तर गोलार्धातला समुद्र सर्वांत उबदार असतो ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, तेव्हा हवेतला आकडा शिखरावर असायला हवा होता. तो तर नेमका तेव्हाच तळाला असतो. त्यांनी स्वतःच्या पत्रात दिलेले महिने पुन्हा वाचावेत. समुद्राचा हात इतका कमी का दिसतो, याची कारणंही माहीत आहेत. उच्च अक्षांशांवर वसंत-उन्हाळ्यात प्लवक वनस्पतींचा बहर येतो आणि तो पाण्यातला कार्बन खेचून घेतो, म्हणजे उष्णतेच्या नेमकं उलट काम करतो. शिवाय समुद्राचा वरचा थर आणि हवा यांच्यात कार्बन डायऑक्साइडचा समतोल व्हायला वर्षभराच्या आसपास काळ लागतो, कारण तो पाण्यातल्या कार्बोनेटशी अभिक्रिया करत बसतो. तोवर ऋतू पालटलेला असतो.

म्हणजे ऋतूंच्या हिशेबात काय आढळलं? उत्तरेत उबदार महिने आले की कार्बन डायऑक्साइड कमी होतो. एवढ्याच कागदावर निकाल द्यायचा असेल, तर तापमानवाढीने हा प्रश्न आपोआप मिटेल असंही कुणी लिहील. तेही तितकंच चूक ठरेल.

कारण आता महिन्यांची वही मिटून वर्षांची उघडली, तर संबंधाचं चिन्हच बदलतं. ज्या वर्षी उष्ण कटिबंध तापतो, त्या वर्षी हवेतली वाढ जास्त होते. १९९७-९८, २०१५-१६ आणि २०२३-२४ ही एल निनोची, म्हणजे विषुववृत्ताजवळचा प्रशांत महासागर नेहमीपेक्षा जास्त तापण्याची वर्षं. माझ्या तिसऱ्या रकान्यात तिथे ठळक आकडे आहेत, काही ३ पीपीएमच्या आसपासचे तर काही त्याहूनही मोठे. उलट जून १९९१ मध्ये फिलिपिन्समधल्या पिनातुबो ज्वालामुखीचा स्फोट झाला, त्याच्या गंधकाच्या कणांनी जग सुमारे अर्धा अंश थंडावलं, आणि १९९२ मध्ये वाढ १ पीपीएमच्याही खाली राहिली. एल निनोत विषुववृत्तीय जंगलं तापतात, कोरडी पडतात, वणवे लागतात, शोषण मंदावतं आणि श्वसन वाढतं. वर म्हटलं होतं ते पाणी इथे आलं.

गंमत अशी की याच काळात समुद्र पत्रलेखकांच्या सिद्धांताला साथ देत नाही. एल निनोत पूर्व प्रशांत महासागराचा विषुववृत्ताजवळचा पृष्ठभाग तापतो. नेहमी खालून वर येणारं थंड, कार्बनने भरलेलं पाणी अडतं, आणि तो समुद्र नेहमीपेक्षा कमी कार्बन डायऑक्साइड सोडतो. पाणी गरम आणि उत्सर्जन कमी! तरीही हवेतला आकडा उसळतो, कारण जमिनीवरची गळती समुद्राच्या बचतीला पुरून उरते.

तिसरी वही हिमयुगांची. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या हवेवरून गेल्या ८ लाख वर्षांचा हिशेब मिळतो. हिमयुगात सुमारे १८०, उबदार काळात सुमारे २८०, आणि ३०० च्या वर कधीच नाही. इथे पृथ्वीच्या कक्षेतल्या बदलांनी सुरुवात केली, समुद्राने कार्बन सोडला, त्याने उष्णता आणखी वाढवली. तापमानाने कार्बन डायऑक्साइड वाढतो हे इथे खरंच घडलं आहे, आणि पत्रलेखकांना बहुधा याचीच सावली दिसली असावी. पण प्रमाण बघा. १०० पीपीएम वाढायला हजारो वर्षं लागली आणि त्या काळात जग साधारण ५ अंशांनी तापलं. आताचा हिशेब: १९५९ ची मौना लोआची वार्षिक सरासरी ३१६, २०२१ ची ४१६. तेवढेच १०० पीपीएम ६२ वर्षांत, आणि या काळात जग धड सव्वा अंशानेही तापलेलं नाही. हिमयुगाच्या दराने सव्वा अंशाला २५ पीपीएम लावले, तरी उरलेले ७५ कुठून आले ते कुणीतरी दाखवायला हवं.

ते दाखवणं अवघड नाही. हा माझ्या पेशाचा भाग असल्याने इथे जरा रेंगाळते. हवेत १ पीपीएम वाढ म्हणजे ७८० कोटी टन कार्बन डायऑक्साइड. कोळसा, तेल, वायू आणि सिमेंट यांतून वर्षाला सुमारे ३,७०० कोटी टन बाहेर पडतो, जंगलतोड आणि जमीनवापरातल्या बदलांतून आणखी ४०० कोटी टनांच्या आसपास. बेरीज ४,१०० कोटी टन, म्हणजे सव्वापाच पीपीएम. हवेत प्रत्यक्ष वाढ दिसते ती वर्षाला सरासरी अडीच पीपीएमची. म्हणजे आपण टाकलेल्यापैकी निम्मा हवेतून गायब होतो आहे. तो समुद्रात आणि जंगलांत, मातीत जातो आहे. आता सांगा, समुद्र आणि जमीन मिळून वर्षाच्या शेवटी निव्वळ घेणारे असतील, तर तेच या वाढीचा स्रोत कसे असू शकतील? ज्या खात्यातून निव्वळ पैसा बाहेर गेलेलाच नाही, त्या खात्याच्या नावावर अपहार लावता येत नाही. वर्षभरात झाडं आणि माती यांच्यातून जाणारी-येणारी रक्कम माणसाच्या उत्सर्जनाच्या कितीतरी पट आहे, हे खरं. पण उलाढाल मोठी असली म्हणून शिल्लक तिच्यामुळेच वाढली असं ठरत नाही. माझ्या नोकरीत याच गोष्टीवरून मी सर्वांत जास्त आक्षेप काढले असतील.

शिवाय आणखी दोन पावत्या. हवेतल्या कार्बनमध्ये हलक्या समस्थानिकाचं प्रमाण दशकानुदशकं वाढत आहे, समुद्रातून आलेल्या कार्बनने तसं झालं नसतं. आणि हवेतला ऑक्सिजन, अगदी किंचित पण मोजता येईल इतका, कमी होत आहे. कीलिंग यांचे पुत्र राल्फ कीलिंग यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून ही मोजणी चालवली आहे. काहीतरी जळल्याशिवाय ऑक्सिजन असा खर्ची पडत नाही. तापलेल्या समुद्रातून नुसता वायू बाहेर आला असता, तर ऑक्सिजनही त्याच्यासोबत बाहेरच आला असता.

एवढं झाल्यावर मूळ लाटेकडे परत जाते, कारण खरी बातमी तिथे आहे आणि ती कुठे छापून येत नाही. लाट स्वतःच बदलते आहे. १९९६ मध्ये कीलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून मौना लोआवर लाटेची उंची सुमारे २० टक्क्यांनी आणि आर्क्टिकमध्ये ४० टक्क्यांपर्यंत वाढली आहे, आणि वसंतातली उतरण आठवडाभर आधी सुरू होते आहे. २०१३ मध्ये विमानांतून घेतलेल्या जुन्या आणि नव्या मोजण्यांची तुलना प्रसिद्ध झाली. ४५ अंश उत्तर अक्षांशाच्या वर ही वाढ ५० टक्क्यांच्या घरात निघाली. उबदार वसंत, लांबलेला वाढीचा काळ, वाढत्या कार्बन डायऑक्साइडचं झाडांना मिळणारं खत, टुंड्रावर पसरणारी झुडपं, आणि धान्याच्या भरघोस पिकणाऱ्या शेतांचा वाटा, अशी कारणं त्यात मिसळलेली आहेत. कुणाचा वाटा किती यावर अजून वाद आहे.

हे वाचून बरं वाटायचा मोह होतो. जंगलं जास्त ओढताहेत, मग चांगलंच की. पण वर सांगितलेलं वेळापत्रक आठवा. वसंत उबदार झाला की शोषण लवकर सुरू होतं. शरद उबदार झाला की माती जास्त काळ श्वसन करत राहते, आणि प्रकाश नसल्याने पानं त्याची भरपाई करू शकत नाहीत. उत्तरेच्या परिसंस्था शरदातल्या उष्णतेने वसंतातल्या कमाईचा मोठा भाग गमावतात, हे २००८ मध्ये मांडलं गेलं. मधला उन्हाळा कोरडा गेला तर वसंतातल्या जादा शोषणावर तेव्हाच पाणी फिरतं, हे त्याआधी २००५ मध्ये. आणि अलास्काच्या टुंड्रात ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातलं उत्सर्जन १९७५ पासून ७० टक्क्यांहून जास्त वाढल्याचं २०१७ मध्ये दिसून आलं. तिथली जमीन उशिरा गोठते, आणि गोठेपर्यंत जिवाणू काम करत राहतात. कायम गोठलेल्या त्या जमिनीत हवेतल्या कार्बनच्या सुमारे दुप्पट कार्बन साठलेला आहे. पत्रलेखकांना तापमानाने कार्बन डायऑक्साइड वाढण्याची काळजी करायचीच असेल, तर तिचं खरं ठिकाण हे आहे. त्यात माणूस निर्दोष सुटत नाही. उलट त्याच्या उत्सर्जनावर व्याज चढायला लागतं.

आता संपादक महोदय, थोडं आपल्याबद्दल. असा गैरसमज व्हायला वर्तमानपत्रंही हातभार लावतात. मे २०१३ मध्ये मौना लोआची एका दिवसाची सरासरी पहिल्यांदा ४०० च्या वर गेली, तेव्हा जगभर मोठे मथळे आले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आकडा ३९३ च्या आसपास होता, त्याची बातमी झाली नाही. एप्रिल २०१४ मध्ये पूर्ण महिन्याची सरासरी ४०० च्या वर गेली, पुन्हा मथळे. मार्च २०१५ मध्ये जागतिक सरासरीने तीच रेषा ओलांडली, पुन्हा. शेवटी २०१६ चा सप्टेंबरही ४०० च्या खाली उतरला नाही, आणि ही खरी दखल घेण्याजोगी गोष्ट होती, पण ती आतल्या पानांत गेली. वाचकाने यातून काय समजावं? एकच टप्पा तीनदा ओलांडला जातो म्हणजे हे लोक आकडे फिरवतात, असं वाटलं तर त्याचा काय दोष?

मे २०२५ मध्ये मासिक सरासरी पहिल्यांदाच ४३० च्या वर, ४३०.५ ला पोचली. तीही बातमी आली आणि विरली. नंतर सप्टेंबरमधला कमी आकडा पाहून कुणी घट झाली असं म्हणालं, तर त्याला उत्तर देणारी ओळ कुठेच छापलेली नसते.

म्हणून विनंती अशी. हा आकडा छापाल तेव्हा त्याच्याशेजारी गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याचा आकडा छापा. उदाहरणादाखल माझ्या वहीतल्या दोन ओळी देते. मे २०२३: ४२४, मे २०२४: सुमारे ४२७, वाढ ३. सप्टेंबर २०२३: ४१८.५, सप्टेंबर २०२४: ४२२, वाढ साडेतीन. मे ते सप्टेंबर घसरण दोन्ही वर्षी झालेली आहे, आणि दोन्ही ओळींत वर्षाची वाढ उघड दिसते आहे. सोबत कंसात एक वाक्य, की मेमध्ये शिखर आणि सप्टेंबरअखेर तळ हा उत्तरेकडच्या वनस्पतींचा नेहमीचा क्रम आहे. एवढ्याला हवामानाच्या रकान्यात दोन ओळींपेक्षा जास्त जागा लागणार नाही. जमलं तर वर्षातून एकदा, ऑक्टोबरमध्ये, तळाचा आकडाही छापावा.

ज्या गृहस्थांच्या पत्रावरून हे लिहिलं, त्यांना माझी वही बघायची असेल तर आपल्या कार्यालयामार्फत कळवावं. पानांच्या छायाप्रती मी पाठवीन. आकडे त्यांनी स्वतः मूळ नोंदींशी ताडून घ्यावेत, माझ्यावर विसंबून राहू नये.

आपली विश्वासू,
एक निवृत्त लेखापरीक्षक